रोटरी हेड : थ्रस्ट बेअरिंग मोठं टाकूनही खालचं बेअरिंग का तुटतंय?

तापीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, एक प्रेस आणि दोन पोरं. आधी शेतीच्या अवजारांचंच काम होतं, हल्ली बोअरच्या गाड्यांची हेडं जास्त येतात. फेब्रुवारी ते जून तर दुकानासमोर गाडी नाही असा दिवस नसतो.

एका डीटीएच गाडीचं (हवेवरचा हातोडा बोअरच्या तळाशी चालतो ती) रोटरी हेड, म्हणजे रॉड फिरवणारं डोकं, या सीझनला तिसऱ्यांदा माझ्याकडे आलंय. मालक ओळखीचा, म्हणून अजून शिव्या दिल्या नाहीत. मूळ हेड कंपनीचं राहिलेलं नाही. मधे कुणीतरी दुसऱ्या शाफ्टवर बांधून दिलंय, कुणी ते मालकालाही आठवत नाही.

रचना अशी. शाफ्ट पोकळ, १०० एमएमचा, आतून हवा जाते. वर ५१३२० थ्रस्ट बॉल (शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा, अक्षीय भार घेणारं), त्याखाली गिअर, खाली ६३२० डीप ग्रूव्ह बॉल (मुख्यतः आडवा, रेडियल भार घेणारं). शाफ्टचा खांदा थ्रस्टच्या खाली आहे, म्हणजे रॉडनं वर रेटलं की भार थ्रस्टवर येतो.

पहिल्या वेळी सगळाच चुरा होता, दोन्ही बेअरिंगं नवी टाकली. दुसऱ्या वेळी ६३२० गेलेलं, थ्रस्ट ठीक दिसत होतं, तरी बदललं. आता परत ६३२० गेलंय. केजचे (गोळ्या धरणाऱ्या पिंजऱ्याचे) तुकडे ग्रीसमध्ये, दोन गोळ्यांवर सपाट चट्टे. थ्रस्ट मात्र अगदी कोरं.

मालक म्हणतो, "थ्रस्ट कमी पडतंय, मोठं टाका." मलाही तसंच वाटतंय. ५१४२० टाकू का सरळ २९४२० स्फेरिकल रोलर टाकू? दोन्हींना हौसिंगचं भोक मोठं करावं लागेल. जाणकारांनी सांगावं. फोटो खाली डकवतो.

---

पाटाचं_पाणी

फोटो दिसत नाहीत.

---

तापीकाठ

परत डकवलेत. मोबाइलवरून टाकतोय, सांभाळून घ्या.

---

गिरणाकाठचा

६३२० ऐवजी ६३२० सी-थ्री (आत जरा जास्त ढिलाई असलेलं) टाका आणि चांगल्या कंपनीचं टाका. बाजारात नकली माल फार आहे. खोका अस्सल, आत रद्दी. मी एकदा एका दुकानातून घेतलेल्या बेअरिंगवरचा नंबर पेट्रोलच्या चिंधीनं पुसला गेला होता! लेझरचा नंबर कुठे चिंधीनं जातो का?

---

तापीकाठ

बिलाचं, अधिकृत डीलरचं होतं. सी-थ्रीच होतं. माल नकली नाही, तेवढी खात्री आहे.

---

धुळ्याचा_फिटर

भाऊ, पयले हाई सांग. ६३२० नी भायेरनी रिंग शे ना, तिन्हावर घाव वरना कडले शे का खालना कडले? आनि मधली रिंगवर कोठे शे?

बाकीन्या गप्पा मंग.

---

तापीकाठ

आबा, आत्ताच डिझेलनं धुऊन बघितलं. बाहेरच्या रिंगवर खालच्या कडेला पट्टा आहे. खाचेच्या पार कडेला, दोन ठिकाणी खांद्याचा तुकडाच उडालाय. आतल्या रिंगवर बरोबर उलट, वरच्या कडेला. खाचेचा मधला भाग दोन्हीत चकचकीत.

---

धुळ्याचा_फिटर

मंग बेरिंग दुबळं नही, भाऊ. तुन्हं थ्रस्ट उलटं शे.

(आता सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहितो. आमच्या सूनबाई म्हणतात, आबा, तुमची अहिराणी वाचायला लोकांना डिक्शनरी लागते.)

रेडियल भारानं घाव खाचेच्या मधे पडतो. तुझा पडलाय कडेला. बाहेरच्या रिंगला खाली, आतल्या रिंगला वर. म्हणजे शाफ्ट खाली ओढला जात होता आणि त्याला धरून ठेवायला ६३२० शिवाय कुणी नव्हतं. ५१३२० एकाच दिशेचा भार घेतं. शाफ्ट वर रेटला तर ते काम करतं. खाली ओढला की त्याच्या वाट्या सुटतात आणि ते नुसतं बसून राहतं. म्हणून तर कोरं निघालं. तू २९४२० टाकलंस तरी तेही तसंच कोरं निघेल, फक्त महागडं कोरं.

आता सांग, बोअर मारताना रॉड जास्त जोरात वर रेटतो का खाली लटकतो?

---

तापीकाठ

हाणला! आबा, हा विचारच केला नव्हता. ड्रिलिंग म्हटलं की दाब, आणि दाब म्हटलं की थ्रस्ट खालून वर. डोक्यात तेच बसलेलं.

---

कॅटलॉगवाचक

आबांचं निदान मान्य. मी त्यात आकडे घालतो. (पेशानं डिझाइनमध्ये, सध्या पुण्यात, मूळ गाव चाळीसगावजवळ.)

तुमच्या गाडीचा रॉड ११४ एमएमचा, २० फुटी असेल असं धरतो. भिंत साधारण ६ एमएम धरली तर मीटरला १६-१७ किलो पडतात. जोडांसकट एक रॉड ११५ किलोच्या आसपास. ५०० फुटांना २५ रॉड, म्हणजे पावणेतीन-तीन टन. हजार फुटांना पावणेसहा टन, वर हॅमर आणि बिट वेगळे. हे सगळं वजन हेडच्या शाफ्टला लटकतं.

आता दाब बघा. डीटीएच हॅमरला वजन लागत नाही. पिस्टन हवेवर चालतो आणि बिटवर आपटतो. हॅमर बंद ठेवण्यापुरता, म्हणजे काही शे किलो ते फार तर टनभर दाब पुरतो. पहिले पाच-दहा रॉड खरंच वरून दाबावं लागतं. नंतर रॉडचं वजनच जास्त होतं आणि ऑपरेटरला हेड उलट मागे धरून ठेवावं लागतं. नाहीतर बिट चेंगरतं, बटणं तुटतात.

म्हणजे खोल बोअरमध्ये बेअरिंगवरचा मोठा भार खाली लटकण्याचा, आणि लहान भार वर रेटण्याचा. तुमच्या हेडमध्ये मोठं बेअरिंग लहान भाराला दिलंय.

आणि रॉड अडकल्यावर काय होतं? ऑपरेटर लिव्हर पूर्ण ओढतो. तुमच्या सिलिंडरची ओढ १२ टन असेल तर ते बाराही टन त्याच दिशेनं. १२ टन म्हणजे साधारण ११८ केएन (किलोन्यूटन). ६३२० चं स्थिर क्षमतेचं सी-नॉट मूल्य १४० केएनच्या आसपास आहे. डीप ग्रूव्हला शुद्ध अक्षीय भार सी-नॉटच्या निम्म्यापर्यंतच द्यावा असा संकेत आहे, म्हणजे ७० केएन, सुमारे सात टन. पुढे गोळी खाचेची कड चढते. तुमच्या फोटोत नेमकं तेच झालंय.

अजून एक गोष्ट कुणी मोजत नाही. हवेचा दाब. स्विव्हलच्या (फिरत्या शाफ्टात हवा सोडणाऱ्या जोडाच्या) पॅकिंगचा व्यास ६० एमएम आणि हवा ३०० पीएसआय, म्हणजे २१ बार धरली तर शाफ्टला खाली ढकलणारं बल जवळपास सहाशे किलो. तेही लटकत्या भारातच जमा.

---

सहज_डोकावलो

वाखु (वाचनखूण) साठवली. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण आबांनी घाव बघून रोग ओळखला ते भारी वाटलं. आमच्या गल्लीतले जुने वैद्य जीभ बघून ओळखायचे तसं.

---

केळीवाला_रावेर

तुमचं मशीनचं चालू दे, पण कॅटलॉगभाऊ, हजार फूट असं सहज लिहिता ना, पोटात गोळा येतो. आमच्या आजोबांच्या विहिरीला मोट चालायची. वडिलांच्या काळात बोअर आले. आता रावेर-यावलच्या पट्ट्यात कितव्या फुटाला पाणी लागेल ते गाडीवाला पण सांगत नाही, फुटाचा भाव तेवढा सांगतो. केळीला बारा महिने पाणी पाहिजे, दुसरं काय करणार.

बेअरिंग तुटलं तर दोन दिवस गाडी उभी. इकडे ४४-४५ डिग्रीत बाग करपते ती आमची. तेव्हा तापीकाठभाऊ, नीट बसवा एकदाचं.

---

कॅटलॉगवाचक

केळीवाले दादा, तुमच्या पट्ट्याचा इथे थेट संबंध आहे. साक्री, शिंदखेडा, पारोळ्याकडे वरून काळा पाषाण, मधे मांजऱ्या, गेरूचे थर. तिथे डीटीएच लागतो. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात माती, वाळू, चिकणमाती, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी तर गोटेच गोटे. तिथे डीटीएचनं भोक उभं राहत नाही, ढासळतं. तिथे रोटरी, चिखल फिरवून. रोटरीत ट्रायकोन बिट असेल तर त्याला खरंच वजन लागतं. म्हणजे तिथे वर रेटणारा भारही मोठा.

म्हणून "ड्रिलिंगला कुठलं थ्रस्ट चांगलं" या प्रश्नाला उत्तर नाही. कुठल्या जमिनीत, कुठल्या पद्धतीनं, किती खोल, ते आधी ठरतं.

---

तापीकाठ

ही गाडी धुळे-साक्री-पारोळा करते. रावेरकडे क्वचित. डीटीएचच.

मग आता बेअरिंग कुठलं? आबा, कॅटलॉगभाऊ, दोघांनी सांगा.

---

कॅटलॉगवाचक

प्रकार समजायला शंभरचा शाफ्ट सोडा, ६० चा घेऊ. त्याचं कारण गमतीचं आहे. ६३१२, ७३१२, ३१३१२, ५१४१२ आणि २९४१२ ही पाचही बेअरिंगं आत ६०, बाहेर १३०. एकाच भोकात पाचही बसतात, फक्त उंची वेगळी. त्यामुळे एकाच घरात राहून कोण किती ओझं उचलतो ते कळतं. कंपनीगणिक आकडे थोडे हलतील.

भार १०० केएन (दहा टन), फेरे मिनिटाला ३०.

६३१२ बाद. सी-नॉट ५२ च्या आसपास, त्याचं निम्मं २६. दहा टन विचारूच नका.

७३१२ बी, ४० अंशाचं अँग्युलर. शुद्ध अक्षीय भाराला गुणक ०.५७, म्हणजे बेअरिंगला ५७ केएनच जाणवतात. सी, म्हणजे फिरतानाची भारक्षमता, १०४. (१०४/५७) चा घन म्हणजे सहा दशलक्ष फेरे, तीस फेऱ्यांवर तीन हजार तासांहून थोडे जास्त. वाटतं त्यापेक्षा बरं. दोन एकाच तोंडानं लावली तर आणखी बरं, पण तशी जोडी एकमेकांशी जुळवून घासलेली, युनिव्हर्सल मॅचिंगची घ्यावी लागते. दुकानातून दोन सुटी उचलून लावली तर एकच सगळा भार घेतं आणि दुसरं पाहुणा.

५१४१२ थ्रस्ट बॉल. सी सुमारे २००. आठ दशलक्षाच्या जवळ, म्हणजे सव्वाचार-साडेचार हजार तास. पण शाफ्ट जरा वाकडा बसला की काही गोळ्यांवरच भार.

२९४१२ स्फेरिकल रोलर थ्रस्ट. सी ३९० च्या आसपास, सी-नॉट ९०० च्या पुढे. रोलरला घातांक तीन नाही, दहा भागिले तीन. ९० दशलक्षाच्या वर फेरे, पन्नास हजार तास. वर शाफ्ट अंश-दीड अंश वाकडा झाला तरी रोलर स्वतःला सावरून घेतात, आणि सोबत थोडा रेडियल भारही चालतो.

३१३१२ म्हणजे जास्त कोनाचं टेपर. साध्या ३०३१२ पेक्षा याचा कोन बराच मोठा, म्हणून अक्षीय भाराला चांगलं. थ्रस्ट बॉल आणि स्फेरिकलच्या मधे कुठेतरी.

पण हे तासांचे आकडे बघून भुलू नका. तीस फेऱ्यांवर थकव्यानं मरणारी बेअरिंगं फार थोडी. हेडमधलं बेअरिंग मरतं ते धक्क्यानं, पाण्यानं, धुळीनं आणि चुकीच्या बसवणीनं. इतक्या कमी फेऱ्यांना आयुष्याच्या सूत्रापेक्षा स्थिर सुरक्षितता बघावी, म्हणजे सी-नॉट भागिले सर्वांत मोठा भार. स्फेरिकल रोलर थ्रस्टला ती चारच्या खाली जाऊ देऊ नये. आणि सर्वांत मोठा भार म्हणजे रॉड अडकल्यावरची ओढ, रोजचा भार नव्हे.

---

धुळ्याचा_फिटर

भाऊनं हिशोब चांगला केला. पण मी टेपर टाकीन.

कारण सांगतो. स्फेरिकल थ्रस्ट साक्रीला मिळत नाही, शिरपूरला मिळत नाही. जळगावला ऑर्डर द्या, चार दिवस थांबा. टेपर कुठल्याही ट्रकच्या स्पेअर पार्टवाल्याकडे मिळतं. दोन टेपर समोरासमोर लावले की दोन्ही दिशांचा भार झाला, रेडियलही झाला, तिसऱ्या बेअरिंगची गरज नाही. मी चाळीस वर्षं हेडं बांधतो, निम्मी टेपरवर.

शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) मात्र हातानं नाही, डायल लावून बघायचे. "घट्ट वाटतंय" हा फिटरचा शत्रू. ढिलं ठेवलं तर प्रत्येक वेळी लिव्हर उलटसुलट केली की शाफ्ट ठॉक करून आपटतो. जास्त घट्ट केलं तर रिकामं फिरवतानाच हेड तापतं. आमच्याकडे एकानं शिमच्या जागी पत्र्याच्या डब्याचं झाकण कापून टाकलं होतं. चाललं की दोन महिने!

---

कॅटलॉगवाचक

आबांशी माझा फार वाद नाही. फक्त तापीकाठांच्या हेडमध्ये खालचं घर ४७ एमएम रुंदीच्या ६३२० चं आहे. ३१३२० एक्सची जोडी लावायची तर एकाचीच रुंदी ५६.५ आहे. घर लांबवावं लागेल, किंवा नवं हौसिंग.

उलट एक योगायोग बघा. ५१३२० चा बाहेरचा व्यास १७० आणि २९३२० चाही १७०. उंची ५५ आणि ४२. म्हणजे वरचं ५१३२० तसंच ठेवून, त्याच घराला खाली थोडं वाढवून लटकत्या भारासाठी २९३२० उलट्या तोंडानं बसवता येईल. २९४२० ची गरजच नाही. १२ टनांवरही याची स्थिर सुरक्षितता चारच्या बरीच पुढे निघते.

यात तीन गोष्टी विसरू नका.

स्फेरिकल थ्रस्टवर कायम काहीतरी भार हवा. वर रेटायला लागलात की त्याच्यावरचा भार जातो, रोलर सैल होऊन तिरके होतात आणि पुढच्या झटक्याला मार खातात. म्हणून हौसिंगच्या वाटीखाली स्प्रिंगा द्या, भार गेला तरी वाटी रोलरला चिकटून राहील.

ग्रीस नको, तेल द्या. रोलरच्या बुडाशी आणि रिंगच्या कडेशी घसरण असते, तिथे ग्रीस पोचत नाही. गिअरचं ईपी (जास्त दाब सोसणारं) तेल चालेल, पण पातळ नको. तीस फेऱ्यांना तेलाचा थर मुळात बनत नाही, म्हणून ३२० किंवा ४६० ग्रेड.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. ६३२० ची बाहेरची रिंग वरखाली मोकळी ठेवा. कव्हर आणि रिंग यांच्यात फट हवी. ते रिंगला आवळून बसलं तर थ्रस्ट कितीही भारी टाका, पहिला झटका परत ६३२० च खाणार.

---

धुळ्याचा_फिटर

तिसरं खरं बोलला. निम्मे लोक इथेच मरतात. कव्हरखाली गॅस्केट घालून बोल्ट कचकचून आवळतात, रिंग चेपून बसते.

आणि थ्रस्ट बॉलच्या दोन वाट्या सारख्या दिसतात, सारख्या नसतात. एकीचं आतलं भोक बरोबर शाफ्टाएवढं, ती फिरणारी. दुसरीचं भोक थोडं मोठं, ती हौसिंगची. उलटसुलट घातलं की मोठ्या भोकाची वाटी शाफ्टवर डुलते आणि लहान भोकाची शाफ्टला घासते. आमच्याकडे शिकाऊ पोरांचं पहिलं काम म्हणजे व्हर्नियर घेऊन दोन्ही वाट्या मोजणं. मोजल्याशिवाय चहा नाही.

---

गिरणाकाठचा

एक शंका. सबमर्सिबल पंपातही थ्रस्ट बेअरिंग असतं ना? तिथे तर गोळ्या नसतात, कार्बनची चकती असते. मग ते का चालत नाही हेडला?

---

कॅटलॉगवाचक

चांगला प्रश्न. सबमर्सिबलमधल्या गाद्या थोड्या कलतात आणि पाण्याचा पातळ पाचर-थर भार उचलतो. ही कल्पना ऑस्ट्रेलियात मिशेल आणि अमेरिकेत किंग्जबरी यांना स्वतंत्रपणे सुचली. १९१२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या होल्टवूड जलविद्युत केंद्रात किंग्जबरीचं बेअरिंग बसलं. तुमच्या विहिरीतल्या मोटारीत त्याच घराण्याचा लहान भाऊ आहे.

पण तो थर टिकायला वेग लागतो. मोटार २,९०० फेऱ्यांनी फिरते. हेड तीस फेऱ्यांनी, तेही थांबत-थांबत, तीन टन लटकलेले. थर बनायच्या आतच चकती कोरडी घासेल. गोळी आणि रोलर उभ्या जागीही भार पेलतात.

---

तापीकाठ

मंडळी, बेअरिंग उघडं पडलंय तर एक विचारतो. ५१३२० मघाशी "कोरं" म्हणालो, पण भिंगानं बघितलं तर दोन्ही वाट्यांवर गोळ्यांच्या अंतराएवढे पुसट ठसे आहेत. हाताला कळत नाहीत. हा ओव्हरलोड का?

---

धुळ्याचा_फिटर

ठशात घासकामाच्या मूळ रेघा दिसतात का? आणि ठशांभोवती तांबूस पूड होती का?

---

तापीकाठ

रेघा पुसल्या गेल्यात. पूड होती, गंजासारखी. मला वाटलं पाणी शिरलं.

---

धुळ्याचा_फिटर

मंग ओव्हरलोड नही. प्रवास.

भारानं खड्डा पडला तर खड्ड्याच्या तळालाही घासकामाच्या रेघा शाबूत राहतात, कारण धातू नुसता दबतो. इथे धातू झिजलाय. गाडी साक्रीहून पारोळ्याला जाते, रस्ता तुम्हाला माहीत. हेड मास्टला (गाडीवरच्या उभ्या सांगाड्याला) अडकवलेलं, शाफ्ट फिरत नाही, पण प्रत्येक खड्ड्याला गोळी त्याच जागी केसभर हलते. मधलं ग्रीस निघून जातं, लोखंडावर लोखंड घासतं, तांबूस पूड पडते. बोअर मारताना जेवढी झीज होत नाही तेवढी रस्त्यावर होते. हे मी नाशिकच्या एका कारखान्यात शिकलो, तिथे रेल्वेनं आलेल्या मोटारी न वापरताच आवाज करायच्या.

प्रवासात शाफ्टला ठोकळा लावून वरखाली जाम करायचं. आणि पोचल्यावर भार न देता आधी चार फेरे फिरवायचे, म्हणजे गोळ्या नव्या जागी बसतात, तेल पसरतं.

---

पाटाचं_पाणी

आता फोटो दिसले. बाप रे.

---

तापीकाठ

काय ठरवलं ते सांगतो. हेड माझ्याकडे, मालक रोज फोन करतो, हौसिंग नवं करायला वेळ नाही. म्हणून कॅटलॉगभाऊंचा मार्ग. ५१३२० नवं, त्याच जागी. त्याखाली २९३२० उलट्या तोंडानं, वाटीखाली सहा स्प्रिंगा. ६३२० च्या बाहेरच्या रिंगवर कव्हरची फट ठेवली. ग्रीसचं हेड तेलाचं केलं, लेव्हलची काच लावली. स्विव्हलचं पॅकिंग पूर्ण झिजलेलं होतं, दमट हवा थेट बेअरिंगच्या खोलीत येत होती. ते बदललं आणि मधे एक भोक पाडलं, म्हणजे पॅकिंग पुढे गळालं तरी हवा बाहेर जाईल, बेअरिंगमध्ये नाही.

आबा, पुढच्या हेडला टेपर करतो. रागावू नका.

---

धुळ्याचा_फिटर

राग कसाना? चांगलं करस. फकत स्प्रिंगा सारख्या उंचीन्या शेतस का ते मोजी ले.

---

तापीकाठ

मोजल्या. एक पाव एमएमनं कमी निघाली, बदलली.

---

तापीकाठ (पावणेदोन महिन्यांनी)

धागा वर काढतोय. पाऊस लागला, गाडी उभी राहिली, तेव्हा मालकाला सांगून हेड उघडून बघितलं. त्याला वाटलं मी पैसे काढायचा बहाणा शोधतोय.

६३२० च्या खाचेत पट्टा मधोमध, दोन्ही रिंगवर. कड स्वच्छ. २९३२० च्या वाटीवर रुंद, सारखा, राखाडी चकाकीचा पट्टा, पूर्ण गोलाला. तेल थोडं काळं झालेलं, चुंबकावर बारीक भुकटी, तुकडा एकही नाही. मधे एकदा शिंदखेड्याकडे चारशे फुटांवर रॉड अडकले होते, ऑपरेटरनं अर्धा तास ओढलं म्हणे. त्याचाही घाव नाही.

५१३२० वर मात्र ठसे परत आहेत, पूर्वीपेक्षा कमी. ऑपरेटर म्हणतो ठोकळा दोनदा विसरला.

---

कॅटलॉगवाचक

वा. फोटो जपून ठेवा, जुन्या ६३२० च्या फोटोशेजारी.

---

केळीवाला_रावेर

आमच्याकडे एक आडवं बोअर मारणारा आहे, विहिरीत उतरून चारी बाजूंनी मारतो. त्याचंही मशीन तुटतं. त्याला हेच सांगू का?

---

धुळ्याचा_फिटर

हेच नको. आडव्यात रॉड लटकत नाही, खडकावर टेकून पडतो. तिथे रेटच मोठा, ओढ फक्त अडकल्यावर. त्याला सांगा, तुटलेलं बेअरिंग फेकू नको, धुऊन माझ्याकडे पाठव. कड कुठली गेली ते बघतो, मग बोलू.

---

सहज_डोकावलो

तापीकाठ, तो प्रवासाचा ठोकळा बाभळीचा का सागाचा?

---

तापीकाठ

कडुनिंबाचा. दुकानामागे फांदी तुटून पडलेली होती. आता मालकानं त्याला साखळी लावून मास्टलाच बांधलाय, म्हणजे विसरायचं काम नाही.